आधी आईला विचारून या

आमच्या मास्तरांकडे हळदीचं गाणं लिहून घ्यायला कुणी आलं, की त्याला पहिल्यांदा घरी फोन लावावा लागायचा. येणारा गडी साधारण तिशीचा असायचा. गळ्यात बोटभर जाडीची चेन, वाडीच्या तोंडाशी आडवी लावलेली पांढरी गाडी आणि मान हलवायला दोन मित्र. खुर्चीत बसायच्या आधीच तो सुरू करायचा, "मास्तर, दादाचं नाव पायजे, काकाचं पायजे, काका उपसरपंच हायत ते पायजे, बंगल्याचं नाव तर पायजेच पायजे."

मास्तर सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "नवऱ्याच्या आईचं नाव काय?"

"आईचं कशाला?"

"मग नवरा काय बंगल्याच्या पोटी जन्मला?"

मित्र फिदीफिदी हसायचे. गडी नाव सांगायचा, पण मास्तरांचं तेवढ्यावर भागत नसे. "तिला विचारलंस? तुझं नाव स्पीकरवर घेऊ का, म्हणून? नाही ना? मग आधी आईला विचारून ये." हे ऐकलं, की तो वाघासारखा आलेला माणूस नारळाच्या बुंध्याला टेकून बारीक आवाजात बोलू लागायचा, "आये, तुझं नाव गान्यात घेतलं तर चालंल काय गं?" पलीकडून ती माउली काय म्हणायची ते आम्हाला कळायचं नाही, पण परत येताना गड्याची ऐट निम्मी उतरलेली असायची. एक काका आले होते, पुतण्याच्या लग्नासाठी. त्यांना भावजयीचं नावच आठवेना. खोटं नाही सांगत! तीस वर्षं तिच्या हातचं जेवतायत आणि नाव विचारायला पुतण्याला फोन. मास्तरांनी तांब्याभर पाणी तेवढं पुढे केलं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते जन्मभर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. निवृत्त झाल्यावर नागावच्या आपल्या वाडीत, नारळ साठवायच्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगची खोली केली. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला दोन जुन्या गोधड्या. माईक बरा होता, कॉम्प्युटर भाच्यानं टाकून दिलेला. शनिवार-रविवार काम बंद, कारण पर्यटकांच्या गाड्या आणि बीचवरचा कल्ला खोलीत शिरायचा. इतर दिवशी दुपारी दोन ते चार, गाव झोपलेलं असताना. तेवढ्यातही मधेच एखादा नारळ पत्र्यावर आदळायचा आणि सगळं पहिल्यापासून.

ताल धरायला मास्तरांकडे तिकिटं पंच करायचा जुना चिमटा होता. टक टक, टक-टक टक. चाल जमली नाही की चिमटा थांबायचा आणि मास्तर चष्म्यावरून बघायचे. मला त्या बघण्याची धास्ती होती.

मी त्यांच्याकडे सहा वर्षं गायले. गायले म्हणजे काय, मागचं ‘गो बाय गो’ आणि ‘हो हो’. क्वचित एखादं अख्खं कडवं. सकाळी रेवदंड्यात औषधांच्या दुकानात उभी राहायचे आणि दुपारी सायकल दामटत नागावला. घरी सांगितलं होतं, शिलाईच्या क्लासला जाते. का, ते पुढे येईलच.

मास्तरांची दुसरी खोड पहिलीपेक्षा जालीम होती. गाणं लिहून झालं की ज्यानं सांगितलं त्यानंच ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. चाल न लावता, पेपरातली बातमी वाचतात तसं. "चाल लागली की माणूस काहीही गिळतो," मास्तर म्हणायचे, "आधी कोरडं खाऊन बघ." मग तो चेनवाला उभा राहून वाचायचा, ‘आमच्या दादाचा लय दरारा, सगळे करतात त्याला मुजरा.’ दुसऱ्या ओळीला त्याचं त्यालाच कसंतरी व्हायचं. मित्र जमिनीकडे बघायचे. काही जण तिथल्या तिथे ओळ बदलून घ्यायचे. काही जण मात्र चिडून निघून जायचे, "म्हातारा डोक्यावर पडलाय" म्हणत, आणि पुढच्या गावात हवं ते गाणं करून घ्यायचे. मास्तरांचं त्यामुळे बरंच काम जायचं. त्यांना त्याचं काही नव्हतं.

"गाणं लिहिणारा वरून काही आणत नाही गं बाय," ते एकदा मला म्हणाले. "घरात जे बोलतात तेच तो ठेक्यात बोलतो. मी तीस वर्षं गाडीत लोकांचं बोलणं ऐकलं. आधी लोक सांगायचे, जावई सरकारी नोकरीत आहे. गाण्यात आला सरकारी नवरा. मग जमिनी विकल्या, गाण्यात आली गाडी आणि सोनं. आता कुणी काही करतच नाही, नुसता दरारा. तोही गाण्यात आला. तू बघ, नवरीचं काय येतं त्यात? गोरी आहे. बस! आधीही गोरी होती, आताही गोरीच आहे. सरकारं बदलली, रस्ते झाले, ही आपली गोरीच."

मी म्हटलं, "मग तुम्ही लिहा की वेगळं."

"लिहितो. वाजवतं कोण?"

खरं होतं ते. मास्तरांनी एका नवरीवर गाणं केलं होतं. ती पोरगी टेम्पो चालवायची, वडलांचा नारळाचा धंदा तिनं सांभाळला होता. काय झकास गाणं झालं होतं! हळदीला एकदा वाजलं, पोरं म्हणाली, यावर नाचता येत नाही, आणि बदललं.

आता एक दुसरं गाणं. ते तुम्हीही ऐकलं असेल. आमच्या किनाऱ्यावर त्याच्याशिवाय हळद लागत नाही.

बाजारात बसली भागी,
भाव सोन्याचा मागी,
माल शिळा नि टोपली जुनी,
घेईल कोण गं भागी?

कॅसेटच्या जमान्यातलं गाणं. मग सीडी आली, मग मोबाईल, आता रिमिक्स. पाळण्यातली पोरं त्यावर माना हलवतात. ठेकाच तसा आहे, मेलेला उठून नाचेल. पण आमच्या घरात ते लागलं की आई उठून रेडिओ बंद करायची. मी लहान असताना मला वाटायचं, आईला गाणीच आवडत नाहीत.

माझ्या आईचं नाव भागीरथी. माहेरची भागी. चौलच्या पुढे आमची दोन गुंठ्यांची वाडी, आणि आई रेवदंड्याच्या बाजारात माल घेऊन बसायची. पांढऱ्या कांद्याच्या माळी, वाल, केळफूल, जे असेल ते. गाणं निघालं तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. बाजारात टोपली घेऊन बसणारी भागी, आणि गाण्यातली भागी बाजारात टोपली घेऊन बसलेली. सांगायला नको काय झालं असेल. गिऱ्हाईक यायचं आणि भाव विचारायच्या आधी गुणगुणायचं. हमाल शीळ घालायचे. वडलांनी एकदा एकाच्या कानाखाली काढली. पण मग एक दिवस जेवताना त्यांनीच आईला विचारलं, "पन तुझंच नाव का गं? उगाच कोन कशाला लिवंल?" त्या गाण्यापेक्षा आईला हे लागलं. तिनं मला हे सांगितलं तेव्हा वडील जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि तरी त्या दिवशी ताटात काय होतं तेसुद्धा तिला आठवत होतं. मला वडलांचा फार राग आला. अजून येतो.

पुढे तिनं बाजारातली जागा बदलली आणि नाव मालती सांगायला लागली. माझ्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा आईचं नाव मालतीच आहे.

मास्तरांकडे जायला लागून सहा महिने झाले असतील. एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणालं, "मास्तर, असलं काय नको. तुमचं ते भागीसारखं येक होऊ द्या." मास्तरांचा चिमटा थांबला. "ते सोडून बोला," ते म्हणाले. मी माईकसमोर उभी होते. गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "ते गाणं तुमचं?" ते म्हणाले, "माझंच. कॅसेटवर नाव दुसऱ्याचं आहे ते बरं आहे." आणि अंड्यांचा एक ट्रे सुटला होता तो खिळ्यानं ठोकत बसले.

मी काय करायला हवं होतं? सायकल उचलून जायला हवं होतं, परत तोंड बघायला नको होतं. पण मी दुसऱ्या दिवशी गेले. त्याच्यानंतर साडेपाच वर्षं गेले. मला गायचं होतं आणि आमच्या पंचक्रोशीत मला माईकसमोर उभं करणारा दुसरा कोणी नव्हता. आईच्या ताटाला ताट लावून जेवायचे आणि गप्प बसायचे. लाज वाटायची. लाज वाटूनही जायचे.

माझं लग्न ठरलं तेव्हा मास्तर खुश झाले. "तुझ्या हळदीचं गाणं माझ्याकडून." त्यांनी पाटी पुढे ओढली. ते आधी पाटीवरच लिहायचे, खडूनं. "हं. नवरीच्या आईचं नाव?"

सहा वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. मला मालती म्हणता आलं असतं. पण किती दिवस?

मी म्हटलं, "भागीरथी. रेवदंड्याच्या बाजारात बसते."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "गाणं करताना मी कुणाला डोळ्यांपुढे आणलं नव्हतं गं. गाडीत कुणी तरी हाक मारली, अगं भागी, चल लवकर. नाव ठेक्यात बसलं म्हणून ठेवलं. मला वाटलं, नाव काय, कुणाचंही असतं."

मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. गाणं निघाल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या गाडीत शाळेची पोरं चढली होती. मागच्या बाकावर गाणं सुरू झालं, सगळे एका पोरीकडे बघून. ती सातवी-आठवीतली असेल. नाव काय ते सांगायलाच नको. ती दोन थांबे आधीच उतरली, भर उन्हात. "मी दार लावलं आणि डबल बेल दिली," मास्तर म्हणाले. "पोरांना एका शब्दानं बोललो नाही. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, मास्तर, गाणं आवडलं का. मला आतून बरं वाटलं होतं, हे लक्षात ठेव. बरं वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. मी आईला रात्रीच सगळं सांगून टाकलं होतं, शिलाईच्या क्लाससकट. ती माझ्याशी बोलत नव्हती. ओटीवर बसून कांद्याच्या माळी विणत होती. मास्तर पायरीवरच उभे राहिले आणि म्हणाले, "मी ते गाणं लिहिणारा."

"कंचं?" आई म्हणाली. तिला ठाऊक होतं कंचं ते.

"भागीचं."

"म्हना."

मास्तर गडबडले. आई म्हणाली, "गाऊ नका. नुसतं सांगा. माज्याकडं बगून सांगा."

मास्तरांनी सुरू केलं. "बाजारात बसली भागी. भाव सोन्याचा मागी. माल..." आणि पुढे त्यांच्या तोंडून शब्द येईना. लोकांना शंभर वेळा कोरडं वाचायला लावणारा माणूस, पण स्वतःच्या तिसऱ्या ओळीला अडकला.

"माल शिळा नि टोपली जुनी," आई म्हणाली. "घेईल कोण गं भागी. सकाळी सांगते शंभर, दुपारी सांगते साठ. सांज होता फुकट देशील, बघत बसलो वाट." हातातली माळ तिनं थांबवली नव्हती. पाढे म्हणावेत तसं म्हणून टाकलं. "मला तुमच्यापेक्षा चांगलं पाठ हाय, मास्तर. तेवा मी बावीस वर्सांची होते. ही पोटात होती."

मास्तर म्हणाले, "मी नवं लिहितो. तुमचं पूर्ण नाव घालून, चांगलं..."

"नको," आई म्हणाली. "माज्या नावाला आता चाल नको."

मास्तर चपला घालून गेले. आई मला म्हणाली, "लग्नाला बोलाव त्यांना. म्हातारा मानूस हाय." मग दोन दिवस परत माझ्याशी बोलली नाही.

हळदीला ते आले, मागे खुर्ची टाकून बसले. मामानं साउंड सांगितला होता. सात वाजता हळद लागली, बायका नाचायला लागल्या, आणि अर्ध्या तासात साउंडवाल्यानं ते गाणं लावलंच. लावणारच! माझ्याच मैत्रिणींनी फर्माईश केली होती. त्यांना आईचं खरं नाव ठाऊक नव्हतं. आई हळदीची वाटी घेऊन माझ्यापुढे बसलेली. तिचा हात माझ्या गालाजवळ थांबला.

मास्तर उठले, साउंडवाल्याकडे गेले. "बंद कर."

"काका, ह्याच्याशिवाय हळद होत नाय."

"मी लिहिलंय ते. मी सांगतो, बंद कर."

साउंडवाला पोटभर हसला. "काका, हे पारंपरिक हाय! आमच्या आजीपासून चालतंय. लिवलं कोनी नाय ह्ये."

मास्तरांनी वायर उपटली. स्पीकर गप्प झाले, पण मांडव नाही. बायका टाळ्यांवर गात राहिल्या, आणखी जोरात. पुढचं कडवं कुणाला सांगावं लागलं नाही. मास्तर हातात वायर धरून तसेच उभे. माझ्या आयुष्यात मी इतका एकटा माणूस बघितला नाही.

आई उठून त्यांच्यापाशी गेली. "लावा ती वायर परत," ती म्हणाली. "लग्नघर हाय. आन् तुमच्या हातातून गाडी कवाच सुटली, मास्तर. जेवून जावा." परत येऊन तिनं माझ्या दोन्ही गालांना हळद लावली.

लग्नानंतर चार दिवसांनी मी माहेरी आले तर मास्तर परत पायरीवर. म्हणाले, "भागीरथीबाई, एक विचारायचं होतं. तुमचं नाव बाजारात घेऊ का? पूर्ण. चाल नाही, काही नाही. कांदे घ्यायला येईन आणि नावानं हाक मारीन, एवढंच."

आईनं त्यांना लगेच हो म्हटलं नाही. "इचार करून सांगते" म्हणाली, आणि मला वाटलं, विषय संपला. पण आठवड्यानं तिनं माझ्याकडेच निरोप दिला. "सांग त्यांना, या म्हनावं. पन मोठ्यानं घ्या म्हनावं नाव. तोंडातल्या तोंडात नको."

मोठ्यानं! मास्तरांचा तो गाडीतला आवाज, पावसात खिडक्या लावलेल्या असताना शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. बाजाराच्या मधोमध उभं राहून ते म्हणाले, "भागीरथीबाई, कांद्याची माळ कशी दिलीत?" शेजारच्या बायका बघायला लागल्या, ही तर मालती. मासळीच्या बाजूनं कुणी तरी गुणगुणलं. मास्तर तिकडे वळले, त्याचं गुणगुणणं संपेपर्यंत शांतपणे बघत राहिले आणि परत वळून त्याच आवाजात म्हणाले, "भागीरथीबाई, कांद्याची माळ कशी दिलीत?" आईचे कान लाल झाले होते. तिनं भाव सांगितला.

त्यानंतर ते दर बाजाराला गेले. उन्हाळ्यात कांदे, पावसाळ्यात भाजी. त्यांच्या घरी खाणारं दुसरं कोणी नव्हतं, माळी पडवीत टांगून कोंब यायचे. लोक आधी हसले, मग म्हाताऱ्याची गंमत म्हणून बघायला लागले, मग कुणाचं लक्षही जाईना. शेजारची अंडीवाली एक दिवस सहज बोलून गेली, "भागीरथी, सुट्टे हायत काय गं?" आईनं ते मला फोन करून सांगितलं. बाकी काही बोलायचं नव्हतं तिला, तेवढंच सांगायला फोन. तीन वर्षं मास्तरांनी हे केलं. रेकॉर्डिंगची खोली त्यांनी बंदच करून टाकली होती.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच गेले, फार हाल झाले नाहीत. गाणं अजून वाजतं, तुमच्याकडेही वाजत असेल. त्यांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. मी म्हटलं, आज नको बसूस. आई म्हणाली, माल नासंल. मी तिच्या मागे पोत्यावर बसले होते. गर्दी होती. विशी-बाविशीचा एक पोरगा मोटारसायकलवरून उतरला. कानात वायरी, केस रंगवलेले, मी आधी कधी न पाहिलेला. मी पोत्यावरून अर्धी उठले.

त्यानं कानातली वायर काढली. "भागीरथीबाई," तो म्हणाला, "माळ कशी दिली?"

आईनं मान वर केली नाही. समोरच्या गिऱ्हाइकाचे वाल मापता मापताच म्हणाली, "दोनशे. कमी होनार नाय."